रांजणावरचा साहेब

बसा पाव्हणं, तुमच्या गाडीला अजून लई येळ आहे. मघाशी तुम्ही म्हणालात, तुमच्या कचेरीत पगार वाढवायच्या ऐवजी हुद्दे वाढवले, तुम्हालाही एक मिळाला, अन् माणसं खूश झाली. झाली असतील. मी कुठं नाही म्हणतो? पण हुद्दा म्हणजे काय चीज असते ते कळायला मुरुमच्या महारुद्राची गोष्ट ऐकली पाहिजे. सांगतो. फक्त मधी बोलू नका. मधी बोललं की माझ्या गोष्टीचा बैल बिथरतो.

महाराष्ट्र होऊन वरीस-दीड वरीस झालं असेल. मुरुमच्या पेठेत शेतकऱ्यांचा एक संघ होता. शेतकऱ्यानं माल आणायचा, संघानं चांगला भाव बघून विकून द्यायचा. चेअरमन होते बाबूराव. कारकून वसंतराव. राखणीला म्हातारा शांतलिंग. अन् झाडलोट करायला, गाड्या ओळीनं लावायला, पाणी भरायला महारुद्र. तसं बघितलं तर महारुद्राचं खरं काम एकच, रांजण. फाटकाजवळ लिंबाखाली एक मोठा रांजण पुरलेला होता. बाजारच्या दिवशी लांबलांबच्या खेड्यांतनं तुरीच्या गाड्या यायच्या. गाडी फाटकात दिसली रे दिसली की महारुद्र तांब्या घेऊन ओरडायचा, "या मामा, आदी पानी प्या! तूर काय पळून जात न्हाय!" बैलांना वेगळी बादली. बैलानं तोंड घातलं की त्याच्या मानेवर थाप मारून म्हणायचा, "पी लेका, तुजं तर लगीनबी झालं न्हाय, तुला कसली घाई?" गाडीवाला हसायचा. अर्धा शिणवटा तिथंच जायचा.

महारुद्राला हुद्दा नव्हता. सगळे 'संघातला गडी' म्हणायचे. त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती एका हळदीकुंकवापासून.

तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडं बाई वरीसभर नवऱ्याचं नाव तोंडातनं काढत नाही. 'हे', 'अवो', 'घरातलं माणूस', असं भागवते. नाव घ्यायचं ते लग्नात, नाहीतर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, तेही उखाण्यात गुंडाळून. अन् पेठेतल्या बाया नावाच्या आधी हुद्दा लावायच्या. कुणी म्हणायची मास्तर अमुकराव, कुणी म्हणायची तलाठी तमुकराव. बाबूरावांच्या घरी हळदीकुंकू होतं. महारुद्राची बायको अयोध्या पहिल्यांदाच तिथं गेली होती. वसंतरावांची चारुशीलाबाई शेजारी बसलेली. बाई सोलापूरची, चार बुकं शिकलेली. तिनं सहज विचारलं, "काय हो अयोध्याबाई, तुमचे हे संघात कशावर आहेत?"

अयोध्या मेंढक्याच्या घरातली. ती म्हणाली, "कशावर कशाला असतील? दिसभर उबंच असत्यात."

सगळा सोपा हसला. चारुशीलाबाई वाईट मनाची नव्हती, पण तीही हसली. अयोध्याची नाव घ्यायची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, माझं डोस्कं दुखतंय, अन् उठून घरी आली. घरी आल्यावर नवऱ्याला काही बोलली नाही. पण बाहेर चपला राखत शांतलिंग बसला होता. त्यानं दुसऱ्या दिवशी सगळं महारुद्राला सांगितलं.

महारुद्र ऐकून घेऊन रांजण घासत बसला. रांजण आधीच स्वच्छ होता.

"मामा," तो म्हणाला, "तिनं लग्नात माजं नाव घेतलं व्हतं. पर वाजंत्री एवडी वाजत व्हती, मला ऐकाय आलंच न्हाय बगा."

"शिवा शिवा," शांतलिंग म्हणाला. "मंग काय करतूस आता?"

"कायतरी हुद्दा बगितला पायजे."

असा माणूस हुद्दा मागायला निघाला तो स्वतःसाठी नाही. बायकोच्या तोंडात द्यायला काहीतरी पाहिजे म्हणून.

मागायचं कुणाला, या विचारात वरीस गेलं. अन् पुढच्या संक्रांतीच्या तोंडावर बाबूराव पुण्याला कसल्यातरी शिबिराला जाऊन आले. आले ते भारलेलेच. सगळ्यांना पेढीवर बोलावलं अन् उभं राहून म्हणाले, "माणूस भाकरीवर जगतो, पण काम करतो ते मानावर! पगारवाढ या साली जमणार नाही, ते डोक्यातनं काढा. पण मान? मान आजपासून देतो!"

शांतलिंग हळूच म्हणाला, "मान दिला की मानेवर वज्जं येतंय. बैलाला इचारा."

पण बाबूराव ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. वसंतराव झाले मुख्य लेखापाल. शांतलिंग झाला सुरक्षा प्रमुख. तो म्हणाला, "मला काय, मी एकटा जीव. माजं नाव घ्यायला कुनी न्हाय. रातची कुत्री वळकत्यात तेवडं बास." मग बाबूराव महारुद्राकडं वळले. "तू पाणी बघतोस. आलेल्या मालाची, म्हणजे आवकीची गाडी आली की स्वागत करतोस. तर तू जलव्यवस्था व आवक-स्वागत अधीक्षक!"

महारुद्राच्या डोळ्यात पाणी आलं. "अण्णा, एकदा परत म्हना."

बाबूरावांनी परत म्हटलं. मग तिसऱ्यांदा म्हटलं. महारुद्र तोंडातल्या तोंडात घोळवत घराकडं पळत सुटला. वाटेत कुणी हाक मारली तरी बोलला नाही, सांडेल म्हणून.

अयोध्या भाकरी थापत होती. हा चुलीपुढं उकिडवा बसला. "म्हन, जलव्यवस्था."

"जलयवस्ता."

"व."

"व तर व. फुडं?"

"आवक-स्वागत अधीक्षक."

"आवक… स्वागत… अवो, भाकर करपाय लागली! ह्याच्यापरीस थोडं बारकं न्हवतं का मिळत?"

"बारकं कामून? चांगलं मोटं हाय की! हळदीकुंकवाला म्हनायचं, अमुक अमुक अधीक्षक, अन् मंग…" पुढं 'माझं नाव' म्हणायचं त्याच्या तोंडातनं निघेना. लाजला गडी.

अयोध्यानं त्याच्याकडं बघितलं. गेल्या वर्षीचं याला कळलंय, हे तिला तिथंच कळलं. नवी भाकरी घेतली, अन् दर थापेला एक एक अक्षर म्हणू लागली. "ज, ल, व्य, व, स्था…"

इथपर्यंत सगळं गोड होतं.

दुसऱ्या दिवशी रामलिंग पेंटरनं पत्र्यावर पाटी रंगवली. पत्रा लहान, हुद्दा लांब. त्यानं 'जलव्यवस्था व' हे वर बारीक कोंबलं, 'आवक' मोठ्या अक्षरात आलं, 'स्वागत' कडेला उभं लिहिलं, अन् 'अधीक्षक' खाली ऐसपैस. पाटी लिंबाला ठोकली. बाबूरावांनी आपला जुना काळा कोट महारुद्राला दिला अन् रांजणाशेजारी स्टूल ठेवलं.

"आता ओरडायचं नाही," त्यांनी बजावलं. "अधीक्षक ओरडत नसतो. तांब्यालाही हात लावायचा नाही. शांत बसायचं, अन् गाडी आली की अदबीनं विचारायचं, कुठून आलात, नाव काय, किती पोती आणली. याला स्वागत म्हणतात."

"अन् पानी कुनी द्यायचं, अण्णा?"

"त्याची तू देखरेख करायची!"

आता पाव्हणं, इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या भागातल्या माणसाला निजामाच्या काळातली लेव्ही अजून झोपेत दिसायची. काळा कोट घातलेला माणूस यायचा. रस्त्याच्या कडेला बसायचा. अन् गोड आवाजात विचारायचा, कुठून आलात, नाव काय, किती पोती? तुम्ही खरं सांगितलं की तुमचं धान्य सरकारात जमा. निजाम गेला, लेव्ही गेली, पण काळा कोट बघितला की शेतकऱ्याचा हात आपोआप पोत्यावर जायचा.

बाजारच्या दिवशी पहिली गाडी आली गुंडाप्पाची. जुना सभासद. दरसाली महारुद्राच्या हातचा तांब्या तोंडाला लावल्याशिवाय गाडीतनं खाली उतरायचा नाही. पण गेल्या संक्रांतीपासून त्याला नजरेनं जरा कमीच दिसत होतं, अन् कोटातला महारुद्र त्यानं ओळखला नाही. त्यानं लांबनं पाटी बघितली अन् अक्षर लावून लावून वाचली. "आ-व-क… अ-धी-क्ष-क." मोठं तेवढंच होतं.

महारुद्र स्टुलावरनं अदबीनं उठला. घसा साफ केला. "कुटनं आलात?"

गुंडाप्पानं कासरा घट्ट धरला. "हितनंच, साहेब."

"नाव काय?"

महारुद्राला वाटलं, हा आपली गंमत करतोय, आपणही हुद्द्यात राहून विचारावं. गुंडाप्पाला वाटलं, नाव लिहून घेतोय.

"नाव… बापाचं सांगू का माजं?"

"कुनाचंबी सांगा. किती पोती हायत?"

"पोती कुटली, साहेब? कडबा हाय!"

गाडीवर तुरीची पोती नागडी दिसत होती. त्यावर एक पेंडीसुद्धा नव्हती.

"कडबा?" महारुद्र म्हणाला.

"व्हय. गोल गोल बांदलाय."

"बरं, मंग पानी…" महारुद्राचा हात सवयीनं तांब्याकडं गेला, पण देखरेख आठवून त्यानं तो मागं घेतला अन् नुसतं रांजणाकडं बोट केलं. "पानी हाय."

"न्हाय न्हाय, साहेब, मला तान न्हाय. बैलालाबी न्हाय. आमच्या घरान्यात कुनालाच तान लागत न्हाय." असं म्हणत गुंडाप्पानं गाडी वळवली ती गावच्या रस्त्याला लागेपर्यंत मागं बघितलं नाही.

वाटेत त्याला ज्या गाड्या भेटल्या त्यांना तो बोटानं खूण करत गेला, मागं फिरा, मागं फिरा. तोंडानं एकच म्हणत होता, "लेव्ही आली. रांजनावर साहेब बसवलाय. पान्यालाबी इचारतोय!"

त्या दिवशी संघात एकही गाडी आली नाही. पुढच्या बाजारालाही नाही. संघातल्या कुणाला कारण कळेना, कारण भ्यालेला माणूस कधी सांगत नाही तो कशाला भ्याला ते. महारुद्र कोट घालून रिकाम्या फाटकाकडं बघत बसायचा. रांजणातलं पाणी जसंच्या तसं. संध्याकाळी लिंबाच्या बुडात ओतायचा अन् सकाळी पुन्हा भरायचा.

इकडं आडावर निराळीच गंमत. अयोध्या घागर घेऊन गेली की बाया म्हणायच्या, "सरा गं, अधीक्षकीणबाई आल्या." तिची घागर आधी भरून द्यायच्या. पहिल्या दिवशी तिला बरं वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं, आपली घागर आधी भरते म्हणजे आपण आधी घरी येतो. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाच्या म्हशीला काय झालं, सगळ्या गोष्टी ती गेल्यावर सुरू होतात. ती लांब जाऊन उभी राहायची अन् मागनं हसण्याचा आवाज आला की वळून बघायची.

अन् चारुशीलाबाई? तिनं नवऱ्याला गाठलं. "मला एक सांगा, अधीक्षक मोठा की लेखापाल?"

"दोन्ही मोठेच," वसंतराव म्हणाले.

"दोन्ही मोठे कसे असतील? हळदीकुंकवाला आधी कुंकू कुणाला लावायचं?"

"मला काय ठाऊक? मला कधी कुणी कुंकू लावलंय?"

"जा, चेअरमनना विचारून या!"

वसंतरावांनी बाबूरावांना विचारलं. बाबूरावांनी पुण्याच्या शिबिराचे कागद चाळून बघितले. त्यात कुंकवाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या बाजाराला महारुद्राला राहवलं नाही. लांब रस्त्यावर एक गाडी दिसली, अन् फाटकाच्या अलीकडंच वळू लागली. हा स्टुलावरनं उठला अन् कोटासकट पळत सुटला. "अवो मामा! थांबा! पानी पिऊन जा!" गाडीवाल्यानं मागं बघितलं तर काळा कोट धावत येतोय. त्यानं बैलांच्या शेपट्या पिळल्या. बैल उधळले. महारुद्र मागं, "अवो, नुसतं पानी!" गाडीवाला पुढं, "साहेब, लेकरंबाळं हायत मला!" दोन पोती गाडीवरनं पडली तरी त्यानं गाडी थांबवली नाही. महारुद्रानं ती पोती उचलून रस्त्याच्या कडेला नीट लावून ठेवली अन् धापा टाकत परत आला.

शांतलिंग फाटकात उभा होता. "काय रं, पळून पळून सवागत करतूस व्हय?"

"मामा, ही मानसं मला भित्यात." महारुद्र खाली बसला. "मी काय केलंय त्यास्नी? रांजनाला कोन बी शिवना झालंय. माज्या हातचं पानी नको झालंय मानसाला."

संध्याकाळी तो बाबूरावांकडं गेला. बाबूराव डोकं धरून बसले होते. काही सभासद गाड्या उमरग्याच्या बाजाराला नेतात, हे त्यांच्या कानावर आलं होतं. "महारुद्रा," ते म्हणाले, "पुढच्या बाजारालाही गाडी आली नाही तर फाटकाला कुलूप. मग तू, मी, वसंतराव, सगळे आपापल्या घरी."

"अण्णा, तेच म्हनाय आलोय. माजा हुद्दा काडून घ्या."

बाबूराव चमकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर पुण्याचं तेज परत आलं. "आता कळलं! तुझं मनच अजून वर आलं नाही. अजून स्वतःला गडी समजतोस. हुद्दा अपुरा पडलाय तुला. पुढं 'प्रमुख' लावतो!"

"अवो अण्णा, काडा म्हनतोय मी!"

"किती विनय!" बाबूराव म्हणाले, अन् रामलिंग पेंटरला निरोप गेला.

महारुद्र घरी निघाला तेव्हा मनाशी ठरवून निघाला, अयोध्याला सांगून टाकू, हुद्दा नको, पाटी उद्या मीच उपटतो. दोन दिवसांवर रथसप्तमी, बाबूरावांच्या घरी हळदीकुंकू. पण दारात पाऊल ठेवलं तर अयोध्या भिंतीकडं तोंड करून उभी. डोळे मिटलेले, हाताच्या मुठी वळलेल्या. अन् एका दमात म्हणत होती, "जलव्यवस्था व आवक-स्वागत अधीक्षक!" म्हणून झालं अन् तिनं पदरानं घाम पुसला. वळून बघते तर नवरा.

"आलं बगा!" ती म्हणाली. "मधी कुटं आडलं का?"

आता अशा बाईला काय सांगणार तुम्ही? तो म्हणाला, "न्हाय. लई झ्याक आलं." मग म्हणाला, "फकस्त… आजपासनं आदी 'प्रमुख' म्हनायचं हाय."

अयोध्या मटकन खाली बसली.

रथसप्तमीला बाबूरावांचं घर भरलं होतं. बाबूराव धोरणी माणूस. सभासद रुसलेत म्हणून त्यांनी खेड्यापाड्यातल्या सभासदांच्या बायकांनाही बोलावणं धाडलं होतं. सभासद तर आले नाहीत, पण हळदीकुंकवाला बाई येणार नाही, असं होतं का? गुंडाप्पाची तारामतीही आली होती. महारुद्राला कोटासकट मागच्या दाराशी उभं केलं होतं, जलव्यवस्था म्हणून. दार अर्धवट लोटलेलं. आतलं सगळं त्याला ऐकू येत होतं.

बाबूरावांच्या मालकिणीनं कुंकवाची तक्रार सोपी मिटवली. दोन हातांच्या बोटांवर कुंकू घेऊन चारुशीलाबाई अन् अयोध्या, दोघींना एकदम लावलं. मग नावं सुरू झाली. चारुशीलाबाई ताठ उभी राहिली.

"सोन्याच्या सरीत मोती ओविले शंभर, मुख्य लेखापाल वसंतरावांचा संघात पहिला नंबर!"

बायांनी वा वा केलं. मग सगळ्या अयोध्याकडं वळल्या. "आता अधीक्षकीणबाईंचं!"

अयोध्या उभी राहिली. दाराआड महारुद्रानं लिंबाच्या झाडाला धरावं तसं चौकटीला धरलं.

"प्रमुख…" अयोध्या म्हणाली.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"प्रमुख… जल…" तिचा चेहरा पांढरा पडला. 'प्रमुख' नवा आला तो पुढचं सगळं ढकलून बसला होता. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. कुणाच्यातरी बांगड्या वाजल्या. तेव्हा शेजारनं हळूच आवाज आला, "जलव्यवस्था व आवक-स्वागत…" चारुशीलाबाई सांगत होती. नवऱ्याशी भांडता भांडता बाईला तो हुद्दा पाठ झाला होता. "म्हणा, म्हणा. मी सांगते मागनं."

अयोध्यानं तिच्याकडं बघितलं. मान हलवली. "न्हाय वो ताई, त्ये माज्या तोंडात बसत न्हाय." अन् डोळे मिटले. मुठी नाही वळल्या. मग सरळ, घागर उतरवावी तसं म्हणाली,

"लांबनं आल्या गाड्या, बैलास्नी लागली तान,
म्हारुद्र पानी पाजत्यात, त्योच माजा मान."

म्हणाली अन् तिला जाणवलं, हुद्दा राहिला. ती तोंडाला पदर लावून खाली बसली. हसायचं की काय करायचं, कुणाला समजेना.

तेवढ्यात मागनं तारामती उठली. "थांबा जरा! ए बाई, रांजनावर काळा कोट घालून बसत्यात, त्ये तुजं मालक?"

"व्हय."

"म्हंजी आपला म्हारुद्र? पानी देनारा?"

"व्हय की."

"लेव्हीचं साहेब न्हाईत?"

"लेव्ही?" अयोध्यानं पदर काढला. "अवो, त्येंनी उभ्या जन्मात मुंगीच्या तोंडातला दाना घेतला न्हाय, लेव्ही कसली?"

तारामतीनं कपाळावर हात मारून घेतला. "आगं बया! आमच्या ह्येंनी भ्यान सगळी तूर शेनखताच्या खड्ड्यात पुरलीय की गं!"

दुसरी म्हणाली, "आमच्यांनी माळ्यावर न्हेली. छत वाकलंय. खाली कुनी झोपत न्हाय."

मग जो हशा उठला पाव्हणं, तो पेठेपर्यंत ऐकू गेला. अन् त्या हशात सगळ्यात मोठ्यानं अयोध्या हसत होती, कारण लई दिवसांनी ती हसणाऱ्या बायांच्या मधी बसली होती.

पुढच्या बाजाराला गाड्यांची रांग लागली. गुंडाप्पा सगळ्यात पुढं. त्याच्या पोत्यांना शेणाचा वास येत होता, पण कुणी काही बोललं नाही. महारुद्रानं कोट लिंबाच्या फांदीला अडकवला अन् ओरडला, "या मामा, कडबा आनला का? गोल गोल बांदलेला?" गुंडाप्पानं त्याला आईवरनं एक शिवी दिली अन् दोन तांबे पाणी प्याला. बैलांनी दोन बादल्या. तहान न लागणारं घराणं ते.

अन् बाबूराव? बाबूरावांनी ती रांग बघितली अन् त्यांचा ऊर भरून आला. "बघितलंत वसंतराव? नुसतं 'प्रमुख' लावलं, अन् काय चमत्कार!" पुढच्या शिबिराला ते पुण्याला गेले ते यावर भाषण करायलाच. लोक सांगतात, टाळ्या लई पडल्या. कोण जाणे, तुमच्या कचेरीपर्यंत जे आलंय ते तिथनंच निघालं असेल.

पण ते सगळं मागनं. मला सांगायचं ते त्या रथसप्तमीच्या दिवशीचं.

उन्हं कलली होती. हळदीकुंकू आटोपून दोघं घरी निघाली. महारुद्र पुढं, अयोध्या चार पावलं मागं, ओच्यात बोरं अन् हरभऱ्याचे घाटे. बाजारपेठ मागं पडली, रस्ता मोकळा झाला. तरी महारुद्र काही बोलेना. अयोध्याला वाटलं, रागावलाय.

"अवो," ती मागनं म्हणाली, "लई पाठ केलं व्हतं. पर ऐन येळंला इसरले. तुमी एवडा हुद्दा आनला, अन् म्या घालवला."

महारुद्र थांबला. वळला नाही. "अयोध्ये, परत एकदा घे."

"काय?"

"नाव."

"आता? हितं कुटं बाया हायत?"

"मी हाय की."

अयोध्यानं पुढं बघितलं, मागं बघितलं. रस्त्यावर एक शेळी तेवढी उभी होती.

तिनं घेतलं का नाही, ते मला विचारू नका. ते मी बघितलेलं नाही, शेळीनं बघितलं असेल. तुमची गाडी आली बघा. उठा. फक्त एवढं करा पाव्हणं, घरी गेल्यावर नव्या हुद्द्याचं नंतर सांगा. मालकिणीला जवळ बोलवा, दार लोटून घ्या, अन् म्हणा, आज हळदीकुंकू नाही, बाया नाहीत, तरी एकदा माझं नाव घे.